परत येणाऱ्या बँडला आधी तालमीचे दिवस द्या: आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
मुंबई, पुणे आणि गोव्यात रॉक संगीताचे कार्यक्रम भरवणारे आयोजक, प्रायोजक आणि मैदानांचे व्यवस्थापक

विषय: जुन्या बँडच्या पुनरागमनाची मंचावरची तयारी

सप्रेम नमस्कार.

जुना बँड पुन्हा एकत्र येतोय म्हटलं की तुमच्याकडे सगळ्यात आधी पोस्टर तयार होतं. मग तारीख ठरते, मैदान ठरतं, तिकिटं सुटतात. तालमीला किती दिवस लागतील, गायकाची पट्टी आज कुठे आहे, ड्रमरला किती ऐकू येतं, हे प्रश्न निघतात ते कार्यक्रमाच्या आठवड्यात. मग मंचावर काही फसलं की मैदानातून एकच वाक्य ऐकू येतं: वय झालं, आता जमत नाही. आम्ही कन्सोलवर (आवाज जुळवायचा फलक), मॉनिटरवर (वादकांना मंचावर स्वतःचा आवाज ऐकवणारी यंत्रणा), गिटारींच्या तारांपाशी आणि जनरेटरपाशी काम करणारी माणसं आहोत. आमचं ठाम मत आहे की असे कार्यक्रम वयामुळे कमी आणि व्यवस्थेमुळे जास्त पडतात. व्यवस्था तुमच्या हातात आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

आपल्याच शहरातलं उदाहरण घेऊ. रॉक मशीन हा बँड १९८४ साली मुंबईत उभा राहिला. इंग्लंड-अमेरिकेतली गाणी जशीच्या तशी वाजवायची, असा तेव्हाचा रिवाज होता आणि श्रोतेही तेच मागत. या मंडळींनी स्वतःची गाणी लिहिली. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ हे अल्बम आले. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, की-बोर्डवर झुबिन बालापोरिया, बेसवर मार्क सेल्विन, ड्रम्सवर आधी मार्क मेनेझिस आणि नंतर बॉबी दुग्गल. १९९३ मध्ये बँडचं नाव इंडस क्रीड झालं आणि ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्यांनी आल्म्स फॉर शांती हा बँड केला.

२०१० मध्ये इंडस क्रीड परत आला तेव्हा मधे तेरा वर्षं गेली होती. बेसवर रुषाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे वादक होते. म्हणजे ज्या पायावर सगळी गाणी उभी राहतात तो पायाच बदललेला. आणि २०१२ मध्ये त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा पूर्ण नवा अल्बम काढला. त्याचं मिक्सिंग टिम पामर यांनी केलं, ज्यांनी पर्ल जॅम या अमेरिकन बँडच्या ‘टेन’ या अल्बमचं केलं होतं. आठवणी उगाळायला परत आलेला बँड एवढी मेहनत घेत नाही. म्हणून ‘फक्त जुनी हिट गाणी वाजवा’ ही करारातली अट आम्हाला फार खटकते. नव्वद मिनिटांत पंधरा-सोळा गाणी बसतात. त्यातली तीन-चार नवी असू द्या. नवी गाणी गायकाच्या आजच्या गळ्यासाठी बांधलेली असतात, त्यामुळे नेमकी तिथेच त्याला दम घ्यायला जागा मिळते.

आता पट्टीबद्दल. पंचविशीत रेकॉर्ड केलेलं गाणं पन्नाशी-साठीत त्याच पट्टीत गायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. बरेच बँड अर्धा स्वर खाली येतात. हार्मोनियमच्या भाषेत पांढरी तीनवरून काळी दोनवर. ऐकणाऱ्याला ते कळतही नाही, पण शेवटच्या कडव्यातला वरचा सूर लागतो. ‘तारा उतरवल्या की झालं’ असं मात्र नसतं. अर्धा स्वर उतरला की तारेचा ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. तार सैल लागते, जोरात वाजवली की क्षणभर सूर वर सरकतो आणि खालच्या पडद्यांवर खरखरते. १० नंबरचा तारांचा सेट (नंबर म्हणजे तारेची जाडी) असेल तर साडेदहाचा लावला की ताण जवळपास पूर्वीइतका होतो. त्यानंतर मानेचा वाक पाहावा लागतो, ब्रिजवर प्रत्येक तारेचं इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर खरा लागणं) पुन्हा लावावं लागतं, आणि तरंगता ट्रेमोलो (दांडीने सूर हलवणारा ब्रिज) असेल तर मागच्या स्प्रिंगांचा तोलही. एका गिटारीला दीड-दोन तास धरा. दोन गिटारिस्ट, प्रत्येकाच्या दोन-दोन गिटारी आणि बेस म्हणजे एका माणसाचा अख्खा दिवस. हा दिवस तुमच्या बजेटमध्ये कधीच नसतो.

की-बोर्डची गंमत वेगळी. ट्रान्सपोजचं बटन दाबून उणे एक केलं की सूर उतरतो, हे खरं. पण त्याच की-बोर्डच्या खालच्या पट्ट्यांवर घंटा, टाळी किंवा लूप लावलेला असेल तर तोही एक घर सरकतो आणि भलत्या जागी भलताच आवाज वाजतो. आधीच रेकॉर्ड केलेले ट्रॅक असतील तर ते वेगळे उतरवून पुन्हा तयार करावे लागतात. ऐंशीच्या दशकातल्या कित्येक सिंथेसायझरांमध्ये पॅच, म्हणजे साठवलेले आवाज, सांभाळणारी छोटी बॅटरी आतल्या बोर्डावर असते, काहींत तर थेट डाखलेली. ती संपली की मूळ आवाज पुसले जातात. पहिली तालीम लागण्याआधी पॅच संगणकावर उतरवून घेणं आणि बॅटरी बदलणं हे काम कोणाचं, ते कागदावर ठरलेलं असावं. जुन्या मास्टर टेपमधून एखादा आवाज काढायचा असेल तर जास्तच वेळ ठेवा. मुंबईच्या दमट हवेत राहिलेल्या काही टेप चिकट होतात. तशीच चालवली तर चुंबकी थर हेडवर उतरतो आणि रेकॉर्डिंग कायमचं जातं. अशी पॉलिएस्टर टेप जाणकाराकडून सुमारे ५४ अंश सेल्सियसला आठेक तास भाजून घेतात आणि मग एकदाच वाजवून उतरवतात. अ‍ॅसिटेटची टेप मात्र कधीच भाजायची नसते, ती त्यानेच खराब होते.

तालमीचा हिशेब आम्ही असा सांगू. नव्वद मिनिटांच्या कार्यक्रमाला, मधे मोठा खंड पडलेला असेल तर, किमान बारा दिवस. पहिले चार दिवस हळू आवाजात: गायक अर्ध्या गळ्याने, ड्रमर पॅडवर. या दिवसांत फक्त रचना आठवायची आणि वेग ठरवायचा. जुनी रेकॉर्डिंग्ज एका वेगात असतात, मंचावर तीच गाणी वर्षानुवर्षं थोडी चढ्या वेगात वाजलेली असतात, आणि नवा ड्रमर रेकॉर्डिंग ऐकून आलेला असतो. मिनिटाला चार-पाच ठोक्यांचा फरकही गायकाचा श्वास तोडतो. प्रत्येक गाण्याचा आकडा लिहून ड्रमरसमोर चिकटवा. पुढचे सहा दिवस पूर्ण आवाजात, रोज तीन तास, पण गायक दिवसाआड. शेवटचे दोन दिवस खऱ्या मंचाच्या मापावर, उभ्याने, मधे न थांबता सलग. ही शेवटची तालीम सगळ्यात आधी कापली जाते आणि सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. बसून तीन तास वाजवणारा माणूस उभ्याने, दिव्यांच्या उष्णतेत आणि खांद्यावर साडेतीन-चार किलोची गिटार घेऊन नव्वद मिनिटं वाजवतो तेव्हा त्याचे हात निराळे चालतात.

कानांचा विषय सगळ्यात नाजूक. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचा संकेत असा: ८५ डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ ला एक तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. ड्रम्सशेजारी शंभरच्या वर आवाज सहज जातो. पंचवीस-तीस वर्षं त्यात उभा राहिलेला वादक ‘माझा मॉनिटर वाढव’ म्हणतो, ते नखरे नसतात. वरच्या कंपनसंख्या त्याला ऐकू येत नसतात. त्याचा वेज (पायाशी ठेवलेला मॉनिटर स्पीकर) वाढवला की गायकाच्या माइकमध्ये तोच आवाज शिरतो, शिट्टी येते, मग सगळेच वाढवतात. एसी/डीसी या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना मार्च २०१६ मध्ये डॉक्टरांनी दौरा थांबवायला सांगितलं, नाहीतर कान पूर्ण जाण्याचा धोका होता. उरलेले कार्यक्रम अ‍ॅक्सल रोझ यांनी गायले. जॉन्सन ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या इंडिओला परत मंचावर आले. २०२४ च्या युरोप दौऱ्याच्या तारखा आयोजकांनी मुद्दाम पाहाव्यात: गेल्सेनकिर्खनला १७ आणि २१ मे, रेज्जो एमिलियाला २५ मे, सेव्हिलला २९ मे आणि १ जून. कुठेही लागोपाठ दोन रात्री नाहीत. आपल्याकडे शुक्रवारी पुणे, शनिवारी मुंबई, रविवारी गोवा असं लावतात, वर मधला प्रवास पहाटेच्या विमानाने. गायकाचा गळा रविवारी गोव्यात बसला तर दोष कोणाचा?

म्हणून इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानात बसणारा मॉनिटर, ही चैन समजू नका. कानाच्या साच्यावरून बनवलेला जोड दोन-तीन आठवडे आधी मागवावा लागतो. बाहेरचा आवाज तो पुष्कळ अडवतो, त्यामुळे आतला आवाज कमी ठेवता येतो. पाच वादकांना पाच स्वतंत्र मिक्स लागतात आणि मॉनिटरचं वेगळं कन्सोल लागतं. प्रेक्षकांचा आवाज सांभाळणाऱ्या समोरच्या कन्सोलवरून उरलेल्या वेळात ते होत नाही. मंचाच्या कडेला दोन माइक प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा आणि त्यांचा आवाज थोडा-थोडा मिक्समध्ये द्या. ते नसतील तर वादकाला एकटं पडल्यासारखं होतं आणि तो एका कानातला काढून टाकतो. मग उरलेल्या कानात आवाज वाढवला जातो आणि दोन्ही कान जातात. बिनतारी संचाच्या फ्रिक्वेन्सी कार्यक्रमाच्या दिवशी, एलईडी भिंत चालू असताना तपासा. ती भिंत स्वतःच गोंगाट करते, त्यामुळे दुपारी बंद भिंतीसमोर केलेली तपासणी निरुपयोगी ठरते. ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले जुने संच भाड्याने घेऊ नका, तिथे आता मोबाइलचं जाळं चालतं.

वीज. इथे आम्ही जरा कडक बोलतो, कारण यात जीव जातो. ध्वनीचा आणि दिव्यांचा जनरेटर वेगळा हवा. अर्थ आणि न्यूट्रल यांच्यातला दाब मल्टिमीटरने मोजा. साधारण दोन व्होल्टच्या आत असेल तर पुढे जा. दहा-बारा दाखवत असेल तर एकही केबल जोडू नका, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी-मीठ घालून किंवा नवा खड्डा घेऊन पुन्हा मोजा. तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल ढिला पडून सुटला तर २३० व्होल्टच्या उपकरणावर चारशेच्या आसपास दाब येऊ शकतो आणि अर्ध्या मिनिटात कन्सोल, की-बोर्ड, अ‍ॅम्प सगळं जळतं. म्हणून वीज बंद असताना न्यूट्रलचा लग (केबलच्या टोकाची जोडणी) हाताने ओढून पाहायचा, नुसता नजरेने नाही. गायक माइकजवळ येण्याआधी मीटरची एक पिन गिटारीच्या तारेला आणि दुसरी माइकच्या जाळीला लावा. तिथे दाब दिसला तर तो झटका थेट ओठाला बसणार आहे. हमिंग घालवायला प्लगची अर्थ पिन काढणारा माणूस मंचावर दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. हम घालवायला वाद्याचा सिग्नल कन्सोलकडे नेणारा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स असतो. अमेरिकेतून आणलेले जुने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प १२० व्होल्टचे असतात. त्यांचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर पुरेशा क्षमतेचा आहे का, हे आदल्या दिवशी बघा.

साउंडचेकला मुख्य बँड आधी, सुरुवातीचे बँड नंतर, हा क्रम मोडू नका. मुख्य बँडला दोन तास द्या आणि त्यांचे ड्रम्स चाकांच्या रायझरवर (उंच चौथऱ्यावर) मागे सरकवून ठेवा, म्हणजे रात्री पंधरा-वीस मिनिटांत मंच बदलतो. गिटारी वातानुकूलित गाडीतून उतरवल्या की अर्धा-पाऊण तास पेटीतच राहू द्या. थंड लाकडावर दमट हवेतलं पाणी जमतं आणि सूर सरकत राहतात. धुराचं यंत्र गायकाच्या मागे नको, गळा सुकतो. पंखाही थेट तोंडावर नको.

आणि वेळ. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे. बारापर्यंतची सवलत राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवसच देऊ शकतं आणि ते दिवस बहुतेक सणांना जातात. तेव्हा वेळापत्रक उलटं मांडा. पावणेदहाला शेवटचा सूर, तर सव्वाआठला पहिला. आठला मंच रिकामा, साडेसातला सुरुवातीचा बँड संपलेला. प्रायोजकाची चित्रफीत, मान्यवरांचं मनोगत आणि शाल-श्रीफळ हे सगळं सातच्या आधी उरका. पाऊण तास सत्काराला गेला की तो बँडच्या वाट्यातून जातो, आणि शेवटची दोन गाणी, ज्यांच्यासाठी लोकांनी तिकीट काढलेलं असतं, पोलिसांच्या सूचनेने कापली जातात.

आवाजाची मर्यादा नुसत्या विनंत्यांनी पाळली जात नाही. मैदानाच्या हद्दीवर परिसराच्या मानकापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५ डेसिबल, यातलं जे कमी असेल ते चालतं. निवासी भागाचं दिवसाचं मानक ५५, म्हणजे तिथे हद्दीवर ६५ च. साध्या स्पीकरच्या हिशेबाने अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. तीस मीटरवर शंभर असेल तर साठवर ९४, एकशेवीसवर ८८, दोनशेचाळीसवर ८२. एवढं रिकामं मैदान आपल्या शहरांत फार थोड्या ठिकाणी आहे. म्हणून स्पीकर उंच टांगून खाली झुकवा, मागे जाणारा खर्ज कमी करणाऱ्या कार्डिऑइड पद्धतीने सबवूफर लावा (तीनातला एक मागे तोंड करून, कंपनीच्या प्रीसेटप्रमाणे), मंचाची पाठ वस्तीकडे ठेवा, आणि हद्दीवर मीटर घेऊन एक माणूस संध्याकाळभर उभा करा. कन्सोलवाल्याला त्याचा फोन लागला पाहिजे. मुंबईतलं धोबी तलावाजवळचं, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं रंगभवन आठवा. १९८६ मध्ये सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथे वाढला, या शहराची एक पिढी तिथे रॉक ऐकत मोठी झाली. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्यापासून शंभर मीटरचं शांतता क्षेत्र लागू झालं आणि मोठ्या आवाजाचे कार्यक्रम तिथून गेले. ते गेल्याचं दुःख आम्हाला आजही आहे. दुसरं मैदान त्याच वाटेने जाऊ नये, एवढीच आमची तळमळ.

प्रेक्षकांचाही थोडा विचार करा. १९८८ ला कॉलेजात असलेला श्रोता आज पंचावन्न-साठीचा आहे. त्याला चार तास उभं करू नका. एका बाजूला खुर्च्यांचा विभाग ठेवा, स्वच्छतागृहं मंचापासून लांब आणि उजेडात असू द्या, आणि बँड मंचावर येण्याची खरी वेळ तिकिटावर छापा. पोस्टरवर आजच्या वादकांचा फोटो आणि नावं हवीत. जुन्या संचाचा फोटो लावून तिकिटं विकायची आणि मंचावर दुसरेच वादक, हे श्रोत्यांशी अप्रामाणिक आहे आणि नव्या वादकांचा अपमानही. बँडचं नाव वापरायचा हक्क कोणाकडे आहे हे करारापूर्वी लेखी घ्या. वेगळे झालेल्या सदस्यांमध्ये यावरून वाद निघाला तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नोटीस येते.

आमची मागणी थोडक्यात अशी. तांत्रिक रायडर (बँडच्या तांत्रिक गरजांची यादी) हा करारासोबत सहीचा कागद असू द्या, कार्यक्रमाच्या किमान ४५ दिवस आधी. तालमीच्या बारा दिवसांचं भाडं आणि वादकांचं मानधन त्यात वेगळ्या ओळीत लिहा. दोन कार्यक्रमांत किमान दोन मोकळे दिवस ठेवा. अर्थिंगच्या मोजणीवर आयोजकाच्या माणसाची सही घ्या, वेळेसह. आणि पैशांची तंगी झाली तर आधी आतषबाजी कापा, मग एलईडी भिंतीची रुंदी, मग पाहुण्यांचा मांडव. मॉनिटर कन्सोल आणि शेवटची तालीम यांना हात लावू नका.

आपले,
ध्वनी, मॉनिटर आणि मंच-व्यवस्था सांभाळणारे तंत्रज्ञ